ईबेवर लिलावाने विकताना: फी कुठे कापली जाते आणि परत आलेल्या मालाचं काय करायचं

लिलाव ८० डॉलरला सुटला की नवखा विक्रेता ८० डॉलर आले असं धरून चालतो. प्रत्यक्षात हातात उरतात ६५-६६, आणि तीच वस्तू ‘सांगितली तशी नाही’ म्हणून परत आली तर पदरचे २३-२४ जातात. हे दोन्ही आकडे पहिली बोली लागण्याआधी, लिस्टिंग (वस्तूची ईबेवरची जाहिरात) लिहितानाच काढता येतात. ते कसे काढायचे आणि परत येणारी पार्सलं कशी कमी करायची, ते पुढे आहे.

हा लेख अमेरिकेत राहून ईबेच्या अमेरिकी साइटवर महिन्याला पाच-पंचवीस वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे, तेही स्टोअरची वर्गणी न भरता. (ईबेची भारतातली साइट ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. भारतातून अमेरिकी ग्राहकाला विकणं ही निर्यात आहे, तिचे नियम निराळे.) उदाहरणाला सगळीकडे एकच वस्तू घेतली आहे: फिल्म कॅमेऱ्याची जुनी लेन्स. लहान, महाग, नाजूक आणि पोटात दोष दडवणारी. परतीच्या बहुतेक कटकटी तिच्यात एकत्र भेटतात.

पायरी १: फी कशावर लागते ते नीट समजून घ्या

ईबेची मुख्य फी वस्तू विकली गेल्यावरच लागते. फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरपत्रकात बहुतेक वर्गांसाठी ती १३.६ टक्के आहे, पुस्तकं आणि डीव्हीडींसाठी १५.३ टक्के. शिवाय दर ऑर्डरमागे ठरलेली रक्कम: ऑर्डर १० डॉलरपर्यंत असेल तर ३० सेंट, त्यावर ४० सेंट. दर मधूनमधून बदलतात, म्हणून लिस्टिंग लावायच्या दिवशी आपल्या वर्गाचा दर ईबेच्या फीच्या पानावर बघून घ्या.

बहुतेकांची गफलत होते ती टक्क्यात नाही, टक्के कशाचे यात. १३.६ टक्के फक्त बोलीच्या किमतीवर नसतात. बोली, ग्राहकाने दिलेलं टपाल आणि त्याच्या राज्याचा सेल्स टॅक्स, या तिन्हींच्या बेरजेवर असतात. टॅक्स तुमच्या हाताला लागतही नाही. ईबे तो परस्पर गोळा करून राज्याला भरते. पण फी मोजताना तो धरला जातो. कितीही चीड आली तरी हिशेब तसाच करायचा.

लेन्सचा हिशेब मांडू. ग्राहक इंडियानातला, तिथे टॅक्स ७ टक्के आणि तो टपालावरही लागतो.

बोली ८०.०० + टपाल १२.०० = ९२.००
टॅक्स ६.४४, एकूण ९८.४४
फी: ९८.४४ चे १३.६ टक्के = १३.३९, अधिक ०.४० = १३.७९
लेबलचा (पार्सलवर चिकटवायचं, टपालाचे पैसे भरलेलं) खर्च १०.९०, खोका आणि बबल रॅप १.५०
हातात: ९२.०० − १३.७९ − १०.९० − १.५० = ६५.८१

टपालाचे १२ घेतले आणि लेबल १०.९० चं, म्हणजे टपालात १.१० सुटले असं वाटतं. पण त्या १२ डॉलरवर टॅक्स धरून १.७५ डॉलर फी गेली. टपालातही तोटाच झाला. म्हणून टपाल लावताना लेबलच्या किमतीवर थोडी हाताळणीची रक्कम चढवावी. लिस्टिंगमध्ये त्यासाठी वेगळी चौकट असते.

या टक्क्यांखेरीज पैसे गळतात ते छोट्या छोट्या भोकांतून. महिन्याला २५० लिस्टिंग फुकट असतात, त्यापुढे दरेक ३५ सेंट. न विकलेला लिलाव आपोआप पुन्हा लागला तर तोही या २५० मध्ये मोजला जातो. १ किंवा ३ दिवसांचा लिलाव लावला तर १ डॉलर जादा. ५, ७ आणि १० दिवसांना काही नाही. उपशीर्षक, ठळक अक्षरं यांना वेगळे पैसे, आणि शंभराच्या आतल्या वस्तूला ते कधीच वसूल होत नाहीत. राखीव किंमत ठेवली तर ५ डॉलर किंवा राखीव किमतीच्या ७.५ टक्के, जे जास्त असेल ते (कमाल २५० डॉलर), आणि वस्तू विकली गेली नाही तरी ते जातात. लहान विक्रेत्याने राखीव किंमत ठेवूच नये. तेच काम सुरुवातीची बोली फुकटात करते.

तुमची अमेरिकेबाहेर पाठवायची तयारी असेल तर ईबे इंटरनॅशनल शिपिंग वापरा. पार्सल फक्त इलिनॉयमधल्या त्यांच्या केंद्रापर्यंत पाठवायचं, पुढचं कस्टम आणि परदेशातून आलेली परत यांचं ते बघतात. स्वतः थेट पाठवलंत तर १.६५ टक्के आंतरराष्ट्रीय फी वर लागते, आणि लेन्स लंडनहून परत आणायचा खर्च तुमच्या माथी.

पायरी २: सुरुवातीची बोली गणिताने ठरवा

‘९९ सेंटला लावा, बोली आपोआप चढते’ हा सल्ला जुन्या काळचा. दोघांना हवीच असलेली वस्तू चढते. एकच गिऱ्हाईक आलं तर ती ९९ सेंटलाच जाते. वस्तू ०.९९, टपाल ५.५०, टॅक्स ०.४५, एकूण ६.९४. त्यावर फी ०.९४ अधिक ०.३० म्हणजे १.२४. लेबलला ५.५० गेले. आलेल्या ६.४९ मधून हे वजा करा: उणे २५ सेंट. वस्तू दिली, वर पाव डॉलर दिला, आणि खोक्याचा खर्च अजून धरलाच नाही.

त्याऐवजी उलट्या बाजूने यावं. वस्तूसाठी हातात कमीत कमी किती पडले तर चालतील ते ठरवा. त्यात लेबल, पॅकिंग आणि ४० सेंट मिळवा. आलेल्या बेरजेला ०.८५ ने भागा. टॅक्सवरची फी धरून १३.६ चे जवळपास साडेचौदा टक्के होतात, म्हणून ०.८५. उत्तरातून ग्राहक देणार ते टपाल वजा करा. लेन्सचे किमान ३० डॉलर हवेत: ३० + १०.९० + १.५० + ०.४० = ४२.८०. भागिले ०.८५ = ५०.३५. वजा १२ = ३८.३५. सुरुवातीची बोली साडेअडतीस. याखाली जी बोली लावाल ती धाडसाने लावताय, हे माहीत असू द्या.

बाजारभाव बघताना चालू लिस्टिंगच्या किमती बघू नका, तिथे कोणी काहीही मागतं. शोधाच्या गाळणीत ‘सोल्ड’ निवडा आणि गेल्या तीन महिन्यांत खरोखर काय भावाला गेल्या ते बघा. तिथला मधला भाव तुमच्या गणिताच्या किमतीहून कमी निघाला तर ती वस्तू ईबेवर विकायची नाही. गावातल्या फेसबुक मार्केटप्लेसवर टाका, नाहीतर देऊन टाका.

पायरी ३: परतीचं धोरण निवडा

लिस्टिंग लावताना परतीसाठी पर्याय असतात: परत घेत नाही, ३० दिवस (टपाल ग्राहकाचं), ३० दिवस मोफत, आणि ६० दिवसांचे तसेच. नवखा माणूस ‘परत घेत नाही’ वर टिचकी मारतो आणि निर्धास्त होतो. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

ईबेवर परती दोन जातीच्या. एक, ग्राहकाचं मन बदललं, बसली नाही, चुकून घेतली. दोन, ‘वर्णनाप्रमाणे नाही’: मोडकी आली, दुसरीच आली, दोष सांगितला नव्हता. तुमचं धोरण फक्त पहिल्या जातीला लागू पडतं. दुसऱ्या जातीला ईबेची मनी बॅक गॅरंटी लागू होते आणि वस्तू पोचल्यापासून ३० दिवस ती तुमच्या डोक्यावर असते. ‘परत घेत नाही’ असं लिस्टिंगमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलंत तरी तिला फरक पडत नाही.

आता ग्राहकाच्या जागी बसून बघा. लेन्स आली, ठीक आहे, पण आता नकोशी झाली. विक्रेता परत घेत नाही. परतीच्या विनंतीत कारणांची यादी समोर येते. ‘मन बदललं’ निवडलं तर दार बंद. ‘नीट चालत नाही’ निवडलं तर दार उघडं आणि टपालही विक्रेत्याच्या खर्चाने. दर माणूस खोटं बोलत नाही, पण आपणच त्याला त्या दाराकडे ढकलायचं कशाला? दोन्ही जातींत तुमचं काय जातं ते मांडलं की हे आणखी स्पष्ट होतं.

मन बदललं, परतीचं टपाल ग्राहकाचं: तुम्ही वस्तूचे ८० (आणि त्यावरचा टॅक्स ईबे) परत करता. पहिल्या टपालाचे १२ परत करायची सक्ती नाही. फी परत केलेल्या रकमेच्या प्रमाणात जमा होते; १२.८४ वरची १.७५ आणि ठरलेले ४० सेंट तेवढे जातात. १२ − १०.९० − १.७५ − ०.४० − १.५० = उणे २.५५.

वर्णनाप्रमाणे नाही: ९८.४४ पूर्ण परत. टक्क्यांची फी १३.३९ तुम्हाला परत मिळते, ४० सेंट मिळत नाहीत. जाण्याचं लेबल १०.९०, येण्याचं लेबल (साधारण तेवढंच) १०.९०, पॅकिंग १.५०. एकूण २३.७०.

अडीच डॉलर आणि पावणेचोवीस डॉलर. म्हणून शंभर-दोनशे डॉलरच्या आतल्या वस्तू विकणाऱ्याने ‘३० दिवस, टपाल ग्राहकाचं’ हाच पर्याय घ्यावा. मोफत परती घेणं मोठ्या दुकानांना परवडतं. त्यांना एक सवलतही मिळते: वस्तू वापरून किंवा बिघडवून परत आली तर रिफंडमधून ५० टक्क्यांपर्यंत कापता येतात. पण महिन्याला दहा लेन्स विकणाऱ्याला तेवढ्यासाठी सगळ्यांचं परतीचं टपाल भरणं झेपत नाही.

पायरी ४: परत येणारं पार्सल लिस्टिंगमध्येच अडवा

ईबे सुरू झाली १९९५ मध्ये, आणि तिच्यावर पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेसर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. मोडका आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं, त्याला मोडकाच हवा होता. दोष सांगून विकलेली वस्तू परत येत नाही. न सांगितलेला दोष परत येतो, मग तो कितीही बारीक असो.

लेन्सचे दोष दिवसाउजेडी दिसत नाहीत. खोलीत अंधार करा, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं, पात्यांनी लहान-मोठं होणारं भोक) पूर्ण उघडा आणि मागच्या बाजूने एलईडी टॉर्च थोडी तिरपी धरून समोरून आत बघा. बुरशी दिसते बारीक मुळांसारखी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी, बहुधा काठाकडून आत सरकणारी. घरून आणलेल्या, मुंबईत किंवा कोकणात दहा पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्समध्ये ती असणारच असं धरून शोधा. धुरकटपणा म्हणजे काचेवर फुंकर मारल्यासारखी साय. दोन काचा चिकटवणारा थर सुटला असेल तर काठाला साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसतात. थोडी धूळ सगळ्याच जुन्या लेन्समध्ये असते, ती फोटोवर उतरत नाही. तरी ‘थोडी धूळ आहे’ असं लिहाच. ग्राहक टॉर्च लावून बघणारच आहे.

मग अ‍ॅपर्चर. रिंग १६ वर नेऊन पाती बघा: चमकदार, ओली दिसली तर तेल आलंय. कॅमेऱ्यावर लावून शटर दाबलं की पाती चटकन मिटायला हवीत. सावकाश मिटली तर फोटो जास्त उजळ येतो आणि ग्राहक ‘चालत नाही’ म्हणतो. फोकसची रिंग अनंतापासून सगळ्यात जवळच्या आकड्यापर्यंत फिरवा, कुठे अडते, कुठे सैल पडते ते लिहा. पुढच्या फिल्टरच्या आट्यांवर पोचा आहे का, फिल्टर बसतो का, ते बघा. शेवटी माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची मागची कडी. कुठल्या कॅमेऱ्याला बसते ते अचूक लिहा, कारण ‘बसली नाही’ ही परत लेन्समध्ये फार येते आणि माउंट चुकीचं लिहिलं असेल तर ती ‘वर्णनाप्रमाणे नाही’ ठरते.

एका लिस्टिंगमध्ये २४ फोटो फुकट लावता येतात. दहा-बारा पुरतात, पण ते नेमके हवेत: पुढून, मागून, टॉर्च लावून दोन्ही बाजूंनी, मिटलेल्या अ‍ॅपर्चरचा, माउंटचा, आट्यांचा, प्रत्येक ओरखड्याचा जवळून, आणि सिरीयल नंबरचा. यातला सिरीयल नंबरचा फोटो विक्रीसाठी नाही, परतीसाठी आहे. तुम्ही चांगली लेन्स पाठवली आणि खराब परत आली, तर हा एकच फोटो तुमच्या बाजूने बोलतो. नंबर नसलेल्या वस्तूवर आतल्या बाजूला, नजरेत न भरणारी खूण करा आणि तिचा फोटो स्वतःकडे ठेवा.

शब्द जपून वापरा. ‘मिंट’, ‘नवीनासारखी’, ‘उत्तम चालते’ असं लिहिलं की एक ओरखडासुद्धा परतीचं कारण होतो. ‘टेस्ट केलेली नाही’ हा वाक्प्रचार विक्रेत्यांना कवच वाटतो, तो कवच नाही. वापरलेली म्हणून लावलेली वस्तू चालायलाच हवी असं ईबे धरते. खरंच तपासता येत नसेल तर स्थितीच्या यादीतून ‘फॉर पार्ट्स ऑर नॉट वर्किंग’ निवडा आणि काय चालत नाही ते लिहा. किंमत कमी येईल, पण आलेली राहील. आणि स्टॉकचा फोटो, म्हणजे कंपनीच्या साइटवरून उचललेला, जुन्या वस्तूला कधीही लावू नका.

पायरी ५: लिलाव चालू असताना

बोली लागल्यावर वर्णनात दोष वाढवायची वेळ आली तर लाजू नका, लगेच भर घाला. त्यापेक्षा मोठं काही निघालं तर लिलाव मागे घ्या. पण शेवटच्या १२ तासांत, बोली लागलेली असेल तर, तो असा मागे घेता येत नाही. बोली असताना मागे घेतलेल्या लिलावावर फी आकारली जाऊ शकते, म्हणून टॉर्चची तपासणी आधी.

‘लिलाव बंद करून मला ५० ला द्या, पैसे बाहेरून देतो’ असा मेसेज येतोच. नको म्हणा. फी वाचते तिथे संरक्षणही जातं, आणि ते ईबेच्या नियमांच्या विरुद्ध आहे.

सेटिंगमध्ये खरेदीदारांच्या अटी असतात. गेल्या १२ महिन्यांत दोन ऑर्डरींचे पैसे बुडवलेले आणि तुम्ही पाठवत नाही अशा देशातले, या दोघांना बोली लावू न देण्याची खूण करून ठेवा. एकदाच करायचं काम आहे.

पायरी ६: जिंकणाऱ्याने पैसे दिले नाहीत तर

चार दिवस थांबा. पाचव्या दिवसापासून ऑर्डर रद्द करता येते, आणि कारण निवडायचं ‘खरेदीदाराने पैसे दिले नाहीत’. याच कारणाने रद्द केलं तर त्याच्या नावावर नोंद होते आणि त्याने दिलेला वाईट अभिप्राय टिकत नाही. ‘माल संपला किंवा खराब झाला’ हे कारण चुकून निवडलं तर तो तुमच्या खात्यावर दोष म्हणून मोजला जातो. असे दोष २ टक्क्यांच्या वर गेले की खातं निकृष्ट ठरतं, आणि निकृष्ट खात्याला फीमध्ये आणखी टक्के चढतात. रद्द करण्याचं काम आपोआप व्हावं अशी सोय सेटिंगमध्ये आहे. ती चालू ठेवा.

दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला सेकंड चान्स ऑफर पाठवता येते, लिलाव संपल्यापासून ६० दिवसांपर्यंत. त्याच्याच बोलीच्या रकमेला. पुन्हा लिलाव लावण्याआधी हे करून बघा.

पायरी ७: पार्सल

लेन्सला पुढची-मागची झाकणं, मग प्लास्टिकची पिशवी (ओल लागू नये म्हणून), मग बबल रॅपचे तीन वेढे. खोक्यात सहाही बाजूंनी दोन इंच जागा राहावी आणि ती भरलेली असावी. बंद करून कानाशी हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा. फुटून आलेली वस्तू ‘वर्णनाप्रमाणे नाही’ याच खात्यात जाते, दोष टपालाचा असला तरी.

वजन पॅक केल्यानंतर करा, आधी नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. १६ औंसांचा एक पौंड. १५ औंसांची लेन्स खोक्यासकट सहज पौंडाच्या वर जाते आणि दर बदलतो. लेबलवर कमी वजन लिहिलं तर यूएसपीएसची (अमेरिकी टपाल खात्याची) यंत्रं ते पकडतात आणि फरक नंतर तुमच्या खात्यातून कापला जातो. महिन्याच्या शेवटी न ओळखू येणाऱ्या दीड-दोन डॉलरच्या कपाती दिसल्या तर बहुधा ह्याच असतात.

लेबल ईबेतूनच घ्या. यूएसपीएसच्या ग्राउंड अ‍ॅडव्हान्टेज या पार्सल सेवेत १०० डॉलरपर्यंतचा विमा धरलेला असतो; त्यावरच्या किमतीला वेगळा घ्या. नुकसानीचा दावा पाठवल्याच्या तारखेपासून ६० दिवसांत करावा लागतो, म्हणून फुटल्याची तक्रार आली की ग्राहकाकडून खोक्याचे आणि आतल्या पॅकिंगचे फोटो त्याच दिवशी मागवा.

ऑर्डरवरच्या पत्त्यावरच पाठवायचं. ‘माझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवा’ असं मेसेजमध्ये सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत, तर ‘मिळालं नाही’ या तक्रारीत तुमचा बचाव संपला. पत्ता बदलायचाच असेल तर ‘पत्त्याची अडचण’ हे कारण देऊन ऑर्डर रद्द करा. ट्रॅकिंगमध्ये पोचल्याची नोंद त्या गावाची असली की बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. एकूण रक्कम ७५० डॉलर किंवा जास्त असेल तर सहीसुद्धा घ्यावी लागते. तिच्याशिवाय पोचल्याची नोंद पुरत नाही.

पायरी ८: परतीची विनंती आली

आधी कारण वाचा, मग घड्याळ लावा. तुमच्याकडे कामाचे तीन दिवस आहेत. उत्तर दिलं नाही तर ग्राहक ईबेला मध्ये ओढतो, आणि विक्रेत्याने न सोडवलेली प्रकरणं खात्याला सगळ्यात जास्त लागतात. तिथली मर्यादा ०.३ टक्के आहे. रागाने गप्प बसणं इतकं महाग पडतं.

मन बदललं असेल तर विनंती मान्य करा आणि पुढे व्हा. भांडायचं काही नाही.

‘वर्णनाप्रमाणे नाही’ असेल तर नकार देता येत नाही. पर्याय तीन: परत मागवा, पूर्ण रिफंड देऊन वस्तू त्याच्याकडेच राहू द्या, किंवा थोडी रक्कम परत द्यायचा प्रस्ताव ठेवा. निवड भावनेने करू नका. परत मागवायला १०.९० लागणार. वस्तू पुन्हा विकून हातात त्याहून चांगले जास्त पडणार असतील तरच मागवा. १५ डॉलरचा फिल्टर असेल तर रिफंड देऊन विषय संपवा. थोडी रक्कम देण्याचा मार्ग खऱ्या, छोट्या दोषाला छान बसतो: ‘झाकण नव्हतं’ म्हणतो, ८ डॉलर दिले, दोघंही सुखी. ग्राहकाने प्रस्ताव नाकारला तर परत मागवायलाच लागते.

कोणी ‘२० द्या, नाहीतर वाईट अभिप्राय’ असं लिहिलं तर फोनवर बोलायला जाऊ नका. ईबेच्या मेसेजमध्येच उत्तर ठेवा, ‘परतीची विनंती मान्य आहे, वस्तू पाठवा’ एवढंच, आणि त्या मेसेजचा हवाला देऊन ग्राहकाची तक्रार नोंदवा. विक्रेत्याला ग्राहकाबद्दल वाईट अभिप्राय देता येत नाही, २००८ पासूनच. तक्रारीचं बटण हेच तुमचं हत्यार.

पार्सल परत आल्यावर कामाच्या दोन दिवसांत रिफंड द्यायचा असतो. उघडताना फोन एका जागी उभा करून सलग व्हिडिओ घ्या: आधी लेबल, मग चिकटपट्टी, मग आतली वस्तू, मग सिरीयल नंबर. नंबर जुळला, स्थिती तीच असली तर लगेच रिफंड. नंबर वेगळा निघाला तर रिफंड देऊ नका. परतीच्या पानावरूनच अडचण नोंदवा, मूळ लिस्टिंगमधला नंबराचा फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी लावा आणि ईबेला निर्णय द्यायला सांगा. निर्णय विरुद्ध गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं.

फी परत जमा झाली का ते दर वेळी तपासा. ईबेच्याच रिफंडच्या बटणाने पैसे परत केले तरच ती जमा होते. ‘मी व्हेन्मोने देतो’ असं करून बसलात तर फी गेलीच, शिवाय ईबेच्या दृष्टीने रिफंड झालेलाच नाही.

बँकेकडून येणारा वाद मात्र निराळा. ग्राहकाने कार्ड कंपनीकडे तक्रार केली तर उत्तराला पाच दिवस मिळतात, आणि हरलात तर रकमेशिवाय २० डॉलर फी लागते. ट्रॅकिंग, सही, फोटो जे असेल ते त्याच दिवशी चढवा.

पायरी ९: पैसे बाजूला आणि वही

रिफंडच्या वेळी तुमच्या ईबे खात्यात शिल्लक नसेल तर रक्कम जोडलेल्या बँक खात्यातून ओढली जाते. वस्तू पोचून ३० दिवस होईपर्यंत तो पैसा आपला नाही असं धरा. शिवाय दर विक्रीतून थोडं बाजूला काढा: वीस लेन्समागे एक ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून परत आली असं धरलं तर २३.७० भागिले २०, म्हणजे दर लेन्समागे सव्वा डॉलरच्या आत. वही ठेवली की चार महिन्यांत तुमचा खरा आकडा कळेल, मग तो वापरा.

वहीत दर विक्रीला एक ओळ: वस्तू कितीला घेतली, बोली, टपाल, फी, लेबल, पॅकिंग, परत आली का आणि कुठल्या कारणाने. ‘कारण’ हा रकाना महत्त्वाचा. तीनदा ‘फोकस घट्ट’ दिसलं तर दोष ग्राहकांचा नाही, तुमच्या तपासणीत फोकस सुटतोय. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ चं प्रमाण एखाद्या वर्गात ईबेच्या मते फार वर गेलं तर त्या वर्गात तुमच्या फीमध्ये जादा टक्के चढतात, म्हणून हा रकाना पैशांचाच आहे.

जानेवारीअखेर १०९९-के येतो, म्हणजे विक्री ठरावीक मर्यादेच्या वर गेली की ईबे पाठवते तो टॅक्सचा फॉर्म. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने केंद्राची मर्यादा पुन्हा २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार अशी झाली, पण काही राज्यांची मर्यादा त्याहून बरीच खाली आहे. न्यू जर्सीत १,००० डॉलर. त्या फॉर्मवरचा आकडा ढोबळ असतो, फी आणि रिफंड त्यातून वजा केलेले नसतात. वहीतले तेच आकडे टॅक्स भरताना लागतात. घरात वापरलेली वस्तू खरेदीपेक्षा कमी किमतीला विकली तर त्यावर आयकर नाही, पण ती कितीला घेतली होती याचा पुरावा हाताशी हवा.

आणि एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर विकण्यासाठी माल विकत घ्यायला निघण्याआधी एक गोष्ट करा. घरची जुनी लेन्स विकणं वेगळं आणि गॅरेज सेलमधून लेन्स उचलून नफ्याला विकत राहणं वेगळं. दुसरं काम परवानगीशिवायची नोकरी किंवा धंदा ठरू शकतं. इमिग्रेशनच्या वकिलाला तासाची फी देऊन विचारा, आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या.